दरवाज्याखालची पुट्टी

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोला नाही, दादाला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ टाळूला चिकटते, हे इतक्या वर्षांत मला चांगलं कळलंय.

आम्ही घराण्यानं तांबट. पंचवटीत आमचं भांड्यांचं दुकान, मागं कारखाना. कारखाना कसला हो, एक खोली, ऐरण आणि हातोड्या. वडिलांनंतर तिथं माझा मोठा भाऊ बसला, दादा. मी नाही बसलो. मला त्या ठोकाठोकीची लाज वाटायची. शिकलो, सातपूरला एका कंपनीच्या ऑफिसात चिकटलो, इस्त्रीचे कपडे घालून हिंडलो. आणि मग, बघा माणूस कसा असतो, पन्नाशी जवळ आली तशी मलाच खुमखुमी आली की आपल्यालाही पत्रा जमतो हे दाखवून द्यावं. कुणाला? दादालाच. आणखी कुणाला!

वडिलांची जुनी पद्मिनी मोटार दारात सडत उभी होती. दादा ती भंगारात द्यायला निघाला होता. मी म्हणालो, देऊ नकोस, मी करतो उभी. इंजिन सोडलं तर गॅरेजवाल्याचा हातही लागू देणार नाही. छोटं वेल्डिंग मशीन आणलं, मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलो. सुट्टी आली की मी आणि ती गाडी. मडगार्डचे पोचे काढले, बॉनेट सरळ केलं. खोटं कशाला बोलू, ते खरंच छान झालं. दादा संध्याकाळी दुकान बंद करून यायचा आणि कौतुकानं बघत बसायचा. एकदा म्हणाला, "शेवटी रक्त तांबटाचंच रे!" त्या वाक्यानं माझा घात केला, असं म्हणणार होतो. पण वाक्यानं काय केलं? केलं ते मी.

आता मुद्द्यावर येतो. येववत नाही, तरी येतो.

या गाड्यांना दरवाज्याखाली एक पोकळ पट्टी असते, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत. गाडीचं अर्धं बळ त्या पट्टीत. तिथंच खालून एक खाच असते. पंक्चर झालं की जॅक त्या खाचेत अडकवायचा, हँडल फिरवायचं, की गाडीची ती बाजू उचलली जाते. मी डाव्या बाजूचा रंग खरवडला आणि स्क्रू ड्रायव्हर सरळ आत गेला. पत्र्याची चाळणी झालेली. नवा पत्रा जोडायला गेलो, तर जुन्याला आच लागली की भोक पडायचं. भोक बुजवायला जावं, तर शेजारी आणखी मोठं. पुन्हा पुन्हा तेच. शेवटी मी मशीन बंद केलं आणि जमिनीवर बसून राहिलो.

दादाला हाक मारायची, एवढंच करायचं होतं. घरापासून दुकान हाकेच्या अंतरावर. तो हसला असता, चिडवलं असतं, आणि दोघांनी मिळून काहीतरी केलं असतं. नाहीतर सातपूरला ढीगभर वेल्डर बसलेत. पण मी सगळ्या गावाला सांगून बसलो होतो ना, की सगळं मी करतोय म्हणून! मग काय केलं? आत तारेची जाळी कोंबली. वरून पुट्टी भरली, थरावर थर. पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत केली, प्रायमर मारला, रंग मारला. इतकी सुरेख दिसत होती ती बाजू की मलाच ती खरी वाटायला लागली. दादा तर बाजारात साधी कळशी घेतानाही टिचकी मारून आवाज ऐकणारा माणूस. माझ्या गाडीवर त्यानं टिचकी मारली नाही. धाकट्या भावाचं काम होतं म्हणून.

गाडी मी त्यालाच दिली. वहिनींना तिची भारी हौस. रविवारी दोघं फिरायला निघायची. आणि मी त्यांना एका शब्दानं बोललो नाही, की डाव्या बाजूला जॅक लावू नका. एवढं एक वाक्य! रोज ठरवायचो, उद्या सांगू.

चांदवडला देवीच्या दर्शनाला चालले होते. गावाच्या अलीकडे हायवेवर डावं मागचं चाक पंक्चर झालं. दादानं नट सैल केले, वहिनी हौसेनं म्हणाल्या, जॅक मी लावते. त्यांनीच खाचेत अडकवला, त्यांनीच हँडल फिरवलं. चाक निघालं. दादानं आत हात घातला, आणि गाडी खाली आली.

उजवा हात. हातोडीचा हात. तांब्याच्या हंड्यावर एकसारखे ठोके देत खळगे उठवायचे, त्याला आमच्यात मठारकाम म्हणतात, आणि नाशकात त्याच्यासारखं ते फार कमी जणांना यायचं. डॉक्टरांनी बोटं ठेवली, पण ती मिटत नाहीत.

फोन आल्यावर मी आधी कुठं गेलो असेन? दवाखान्यात? नाही. गाडीकडे गेलो. जॅक पट्टी फाडून आत घुसलेला, जाळी लोंबत होती, पुट्टीची ढेकळं रस्त्यावर. मी ती पायानं नाल्यात लोटली. जाळी ओढून काढली. दादाच्या रक्ताशेजारी बसून हे सगळं केलं मी, मन लावून. मग दवाखान्यात गेलो.

वहिनी बाकावर बसल्या होत्या. मला बघून उठल्या आणि रडत म्हणाल्या, "भाऊजी, जॅक मी नीट अडकवला नाही हो."

मी गप्प राहिलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मी म्हणालो, "खाचेत पुरता बसला नसेल, वहिनी. घाईत होतं असं."

इथं आहे माझं पाप. पुट्टीत नाही. पुट्टी भरली तो मूर्खपणा होता. हे मात्र मी पूर्ण शुद्धीत बोललो.

पुढं गाडी मीच ओढून आणली, ती पट्टी एका वेल्डरकडून कापून नवी घातली आणि गाडी विकून टाकली. लोक म्हणाले, बिचाऱ्याला बघवत नाही ती गाडी. आईनं तर वहिनींशी बोलणंच टाकलं. "बाईमाणसानं नको तिथं उठाठेव करू नये," हे तिचं पालुपद, वहिनींना ऐकू जाईल अशा बेतानं. मी तिथंच पोहे खात बसलेलो असायचो. वहिनी सकाळी दादाच्या शर्टाची बटणं लावायच्या. लावताना त्याच्या तोंडाकडे बघायच्या नाहीत. दादानं एका शब्दानं कधी टोचलं नाही त्यांना. पण त्याच्या ऐरणीवरचा आवाज बंद झाला होता, आणि ते बंद असणं घरात सगळ्यांनाच ऐकू यायचं. वहिनींचं हसणं गेलं, फिरणं गेलं, पुढं अन्नही जाईना.

गेल्या पावसाळ्यात त्या गेल्या. जाण्याआधी एका दुपारी मी भेटायला गेलो. दादा औषध आणायला बाहेर गेलेला. खोलीत आम्ही दोघंच. याहून सोपी वेळ मला मिळणार नव्हती. त्यांनी मला जवळ बोलावलं. आवाज उरला नव्हता.

"भाऊजी, तुमच्या भावाचा हात माझ्यापायी गेला. मला क्षमा करा."

शब्द माझ्या तोंडात आले होते. शपथेवर सांगतो, आले होते. त्याऐवजी मी म्हणालो, "जाऊ द्या वहिनी. आम्ही केव्हाच क्षमा केली."

त्यांनी उशीवरूनच मला हात जोडले. आणि मी मान डोलावली.