सुंदररावांचे निळे डाग

नांदूरघाटाकडच्या एका गावात सुंदरराव दूधसंस्थेचे चेअरमन होते. दुष्काळानं दूध आटलं, जनावरं चारा छावणीत गेली, संस्थेची निवडणूक मात्र बरोबर वेळेवर आली. ऐन प्रचारात एका सकाळी सुंदररावांच्या दंडावर वांग्याएवढा काळानिळा डाग उमटला. ना कुठं पडले, ना धडपडले. दुसरा माणूस घाबरला असता. सुंदररावांनी सदऱ्याची बाही वर सारली आणि छावणीभर हिंडून सांगितलं, "सुग्रीवनं मारलं!"

सुग्रीव विरोधी पॅनेलचा उमेदवार. बिचाऱ्याला पोलिसांनी ठाण्यात नेऊन बसवलं. इकडे सुंदररावांच्या अंगावर रोज नवा डाग, आणि डागागणिक मतं वाढत चाललेली. बायको छबुबाई मात्र हादरली.

"अवो, सुग्रीव तर ठाण्यात हाय. मग आज ह्यो पाठीवर कशानं उठला?"

"गप बस. मतदान हू दे."

पुढं मांडी सुजून पाय उचलेना, तेव्हा छबुबाईनं त्यांना जीपमध्ये घातलं आणि थेट औरंगाबादचा दवाखाना गाठला.

तिथल्या प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. ते गोठायला भलताच वेळ लागत होता. मग त्यांनी त्यातला पिवळसर द्रव वेगळा काढला, निरोगी माणसांच्या रक्तातल्या तशाच द्रवात मिसळला आणि उबेला ठेवला.

"त्यात सुग्रीवचं रगत तर न्हाई ना?" सुंदररावांनी विचारलं.

दोनेक तासांनी बाई म्हणाल्या, "तुम्ही दूधवाले, तुम्हाला लगेच कळेल. पाणचट दुधात चांगलं दूध घातलं तर ते सुधारतं. नासक्यात घातलं तर चांगलंही नासतं. तुमच्या रक्तात नुसतं काही कमी असतं, तर निरोगी रक्तानं ते भरून निघालं असतं. इथं उलट तेच बिघडलं. रक्त गोठवणारा घटक तुमचंच शरीर मारून टाकतंय. दहा लाखांत एखाद्याला होतं असं. आजच भरती व्हा. आत कुठं रक्त वाहिलं तर जीव जाईल."

"म्हंजे सुग्रीवनं..."

"कुणीही मारलेलं नाही."

सुंदररावांचं तोंड उतरलं. जिवापेक्षा प्रचाराचं मोठं दुःख झालं बघा चेअरमनसाहेबांना! "बाई, मतदान उरकून येतो. तवर कुठं बोलू नका."

छबुबाई उसळली. "खुर्चीला दुसरा चेअरमन भेटंल. मी कुणाकडं बघू?" डोळे पुसत तिनंच ठाण्यात फोन लावला आणि सुग्रीवला सोडवलं. सुंदरराव दवाखान्यात भरती झाले आणि गावाकडं निवडणुकीत सपशेल पडले.

निकालानंतर नवे चेअरमन सुग्रीव शहाळं घेऊन भेटायला आले. गड्याच्या मनात माया होती की राग, देव जाणे. सुंदररावांचा दंड गच्च धरून म्हणाले, "लवकर बरे व्हा, अण्णा."

औषधाला अजून गुण यायचा होता. सकाळी दंडावर पाच बोटं निळीशार उठली. सुंदररावांनी बाही वर सारली आणि वॉर्डभर ऐकू जाईल असे ओरडले, "बघा, बघा! सुग्रीवनं केलं हे!"

डागांची गोष्ट एव्हाना वॉर्डभर झाली होती; एकानंही मान वळवली नाही. छबुबाईनं बाही खाली ओढली.

"झोपा गप. लई झालं आता."