साध्या पाण्याची बरणी

प्रभाकरच्या घरून वहिनींचा फोन आला तेव्हा मी तंबाखू मळत होतो. लिहायला लाज वाटते, पण खोटे कशाला लिहू? "हे गेले, भाऊजी," एवढेच त्या म्हणाल्या... आणि मी मळलेली चिमूट दाढेखाली धरूनच स्कूटर काढली. त्याला आता दीड महिना झाला.

प्रभाकर आणि मी बडोद्याच्या एकाच कॉलेजात शिकवायचो. तो प्राणिशास्त्र, मी गणित. तंबाखूची सवय त्याला मीच लावली. जेवण झाले की त्याच्या प्रयोगशाळेत बसून मी मळायचो, अर्धी त्याच्या तळहातावर ठेवायचो. छाणीकडच्या तळ्याकाठी चहाच्या टपऱ्या झाल्या, विडी-सिगारेटची थोटके पाण्यात पडू लागली, तसा तो बेचैन झाला. त्या तळ्यातल्या डॅफ्निया, म्हणजे तिळाएवढे पारदर्शक जीव, त्याचे फार लाडके. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे हृदय धडधडताना दिसते. त्याने दोन बरण्या मांडल्या. एकीत थोटके भिजवलेले पाणी, दुसरीत साधे. थोटकांच्या पाण्यातले जीव आधी गरगर फिरले, मग तळाशी पडले. ती हृदये थांबताना पाहून हा गडी दिवसभर जेवला नाही. पण मग साध्या पाण्यातलेही मरू लागले! तीन आठवडे आम्ही नळाला, काचेला, उन्हाळ्याला शिव्या घातल्या. शेवटी प्रयोगशाळा झाडणाऱ्या काशीबेन वैतागून म्हणाल्या, "साहेब, पहेला हाथ तो धोवो!" चिमूट तोंडात टाकायची आणि त्याच बोटांनी बरणीत जीवांना खायला यीस्ट चुरायचे, असा आमचा कारभार. दोघेही पदवीधर!

त्या दिवसापासून प्रभाकर साबणाने तीनदा हात धुऊ लागला आणि साध्या पाण्यातले जीव जगले.

"आणि तुझ्या तोंडाचं काय?" मी चिडवले.

"त्यांना नको म्हणता येत नाही रे. मला येतं," म्हणाला, आणि तळहात पुढे केला.

त्याला ते कधीच आले नाही. मलाही देणे थांबवता आले नाही, आणि याचे मला अतोनात वाईट वाटते. निवृत्तीनंतर त्याने ती साध्या पाण्याची बरणी प्रतापनगरच्या घरी नेली. पुढे जिभेचे ऑपरेशन झाले, बोलणे गेले. शेवटच्या भेटीत मी नुसता बसून राहिलो... कोणत्या तोंडाने धीर देणार होतो? त्यानेच वहीत लिहिले, "बरणीचं पाणी आठवड्याला बदल." मी मान डोलावली.

तेराव्यानंतर गेलो. स्वयंपाकघराच्या खिडकीत बरणी होती, आत ते ठिपके उड्या मारत होते. मी तीनदा हात धुतले. बोटे हुंगली. पुन्हा धुतली, पुन्हा हुंगली. वास जाईना. जाईल कसा? मी अजून खातो.

"वहिनी," मी हाक मारली, "पाणी तुम्हीच बदला. माझ्या हातून मरतील हे."

त्यांनी मला हलकेच बाजूला सारले आणि बरणी उचलली.