उण्याची खूण

स्टीलची पट्टी टेबलावर आपटायची आणि मगच बोलायचं, ही आप्पांची पद्धत. “चिन्ह नगं, आकडा बोल.” टेबलावर जागा नसली तर पट्टी आमच्या पाठीवर बसे. असा माणूस तुम्हीही कुठल्यातरी कारखान्यात पाहिला असेल.

सणसवाडीच्या आमच्या प्रेस शॉपमध्ये ते फोरमन होते आणि मी कॉम्प्युटरवाला. दोन हजार सालानंतरचे ते दिवस. प्रेसचा दट्ट्या किती उंचीवर हवा आणि किती उंचीवर आहे, हे भरलं की फरक दाखवणारं वेबपेज मी केलं होतं. पहिल्याच दिवशी ‘-२’ उमटलं, म्हणजे दट्ट्या दोन मिलिमीटर जास्त खाली. तेवढ्यात मालक आले आणि हे उणं कसलं म्हणून त्यांनी आप्पांना सगळ्यांदेखत झापलं. ते गेल्यावर आप्पांनी माझी कॉलर धरली. उणं परत दिसलं तर कीबोर्ड डोक्यात घालीन म्हणाले.

मी मुकाट्यानं जावास्क्रिप्टमध्ये Math.abs घातलं. ते आकड्यापुढची उण्याची खूण काढून टाकतं. उणे दोन असो की अधिक दोन, पडद्यावर नुसतं दोन. हे चूक आहे हे मला कळत होतं, पण मार कुणाला हवा असतो?

दट्ट्या लावणारा सेटर बिहारचा होता. वर घेऊ की खाली, असं तो रोज विचारायचा, रोज पट्टी खायचा आणि मग स्वतः मोजून ठरवायचा.

एका दुपारी माल अडला होता आणि आप्पा पेटले होते. पडद्यावर दोन.

“ऊपर करूँ कि नीचे, आप्पा?”

आप्पांनी त्याच्या थोबाडीत ठेवून दिली, त्याला भिंतीपर्यंत ढकललं आणि त्याच्या जागी उभं राहून स्वतः स्क्रू फिरवला. खाली. आधीच दोननं खाली असलेला दट्ट्या चारनं खाली गेला. प्रेस दणकला, साचा फुटला आणि एक तुकडा आप्पांच्या उजव्या डोळ्यात घुसला. फरशीवर रक्तच रक्त झालं.

शिरूरच्या दवाखान्यात गेलो तेव्हा मला रडू आवरेना. पाप माझंही होतं. दोन्ही डोळ्यांवर बँडेज असलेल्या आप्पांनी चाचपत माझी कॉलर धरली. मी मार खायच्या तयारीनं डोळे मिटले.

“ते काढ,” ते म्हणाले. “उणं दिसू दे. आन् सेटरला सांग, त्यानं बराबर इचारलं व्हतं.”

निरोप मी सेटरला पोचवला. आप्पा परत कामावर आले नाहीत. वडगाव रासाईला शेतावर असतात म्हणे.

मी पेज दुरुस्त केलं. पुन्हा ‘-२’ आलं, तेव्हा सेटरनं आप्पांची पट्टी घेतली, मोजलं आणि दट्ट्या दोननं वर घेतला. मग पट्टी पुसून त्यानं आप्पांच्या टेबलावर ठेवली, आवाज न करता.