मारबतीबरोबर घालवलेल्या कोंबड्या

आमच्या गल्लीला कोंबडीचं वावडं नव्हतं. ताटात आली की ती सगळ्यांना चालायची, आणि दुसऱ्यांदा वाढलेलीही चालायची. तीच कोंबडी जिवंत असली आणि आपल्या पायांनी कोणाच्या ओट्यावर गेली, की मात्र सगळी गल्ली नाकाला पदर लावायची. नागपुरातल्या विणकरांच्या त्या गल्लीत मी वाढले. पुढे बऱ्याच ठिकाणी राहिले, बरेच शेजारी पाहिले, पण इतकी पोकळ माणसं एकाच रांगेत राहताना पुन्हा दिसली नाहीत.

कोंबड्या आमच्या मायच्या होत्या. माय उमरेडकडची. लग्नानंतर माहेराहून पहिल्यांदा परतली ती काखेत एक तलंग, म्हणजे कोवळी कोंबडी, घेऊन, आणि आमच्या मागच्या अंगणातल्या साऱ्या कोंबड्या त्या एकीच्या वंशातल्या. बाबा मागावर बसायचे, माय चरख्यावर. साडीच्या आडव्या सुताच्या कांड्या ती भरायची, त्या धोट्यात जायच्या आणि बाबा विणायचे. माग बाबांचा होता, सूत व्यापाऱ्याचं, घर घरमालकाचं. कोंबड्या तेवढ्या तिच्या होत्या. सकाळी कण्या टाकताना ती त्यांच्याशी जितकी बोलायची तितकी आम्हा कोणाशी बोलत नसे, आणि मला त्याचा हेवा वाटायचा.

शेजारच्या घरात एक बाबू राहायचा. त्याचा बाप जन्मभर विणत आला होता, पण हा सचिवालयात कारकून झाला आणि तेव्हापासून सुताचं नाव काढलं तरी त्याला शिंका यायच्या. कोंबडा पहाटे आरवतो, झोप मोडते, ही पहिली तक्रार त्याची. माय म्हणाली, "मी सांगून पाह्यलं बाबूजी, तो ऐकत नाही. तुमी शिकेल मानूस, तुमीच समजावा त्याले." मग म्हणे वास येतो. मग म्हणे पिसवा होतात. मग म्हणे तुळशीची माती उकरली. "तुमच्या घरी तुळस हाय कुठं?" असं मायने विचारलं, तर त्याने लगेच तुळस आणून लावली आणि तक्रार कायम ठेवली. पुढे, या सगळ्यानंतर, राजधानी नागपुरातून भोपाळला हलली तेव्हा तोही तिकडे गेला. तिथे त्याला शेजारी कोणाच्या कोंबड्या मिळाल्या की नाही, कोण जाणे. मिळाल्या नसतील तर त्याचे फार हाल झाले असतील.

याच बाबूची बायको संध्याकाळी मागच्या दाराने यायची. डोक्यावर पदर, आवाज साखरेत घोळलेला. "अवं, घरी पाहुने येऊन राहिले. एखांदा कोंबडा दे ना वं." माय द्यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा पुन्हा भिंतीवरून वासाबद्दल बोलायचा, आणि त्याच्या दातांत आमचाच कोंबडा अडकलेला असायचा.

या बाबूला विचारत होतं कोण? पण त्याला कोपऱ्यावरचा म्हातारा मिळाला. हा गल्लीतला सगळ्यात जुना विणकर, आणि आपल्या शब्दाला फार वजन आहे असा त्याचा समज होता. वजन होतं ते त्याच्या पोटाला. एका पहाटे त्याची पांजणी चालली होती. पांजणी म्हणजे ताण्याला खळ लावणं. साडीचं उभं सूत गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून धरायचं, त्यावर पिठाची खळ फिरवायची आणि दोन्ही बाजूंनी चालत, खळ वाळायच्या आत कुंच्याने सूत मोकळं करत जायचं. एकट्यादुकट्याचं ते काम नाही. म्हणून एकाच्या पांजणीला सगळी गल्ली राबायची, आणि उद्या दुसऱ्याच्या पांजणीला तो राबायचा. तर त्या पहाटे आमची एक कोंबडी पिल्लं घेऊन म्हाताऱ्याच्या ताण्याखालून निघाली. वर ओली खळ, पिठाचा वास. ती उडाली, टोचलं, आणि थोडे धागे तुटले. बाबांनी तिथल्या तिथे बसून ते सांधून दिले. सांधलेले कुठले, हे म्हाताऱ्यालासुद्धा नंतर दाखवता आलं नाही. पण बोंब अशी झाली की जणू वाघ शिरला होता.

मारुतीच्या पारावर बैठक भरली. ज्या गल्लीला नालीवर फरशी टाकायला कधी एकत्र येता आलं नाही, ती कोंबड्यांसाठी एका हाकेत जमली. बाबू उभा राहून कचेरीतल्यासारखं बोलला. ठरलं ते असं: पोळ्यापर्यंत कोंबड्या गल्लीतून गेल्या नाहीत, तर आमच्या पांजणीला कोणी हात लावायचा नाही. दसऱ्याच्या साड्यांचं सूत बाबा नुकतंच घेऊन आले होते. पाऊस उघडला की ताणा लावायचा होता.

बाबा घरी आले ते खाली मान घालून. मायने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग त्याइच्या पांजनीले कोन जाईल? तुमी नाही गेले तं त्याइचा ताना काय तो बाबू धरन?"

"चार लोकाइत राहा लागते," बाबा म्हणाले.

"मी काय जंगलात राहून राहिली?" माय म्हणाली आणि कोंबड्या झाकायला उठली. मायचा प्रश्न अगदी साधा होता, आणि त्याचं उत्तर गल्लीत कोणाकडेही नव्हतं. पण बाबांना प्रश्नापेक्षा चार लोकांची भीती जास्त होती.

पोळा झाला. कोंबड्या होत्या तिथेच होत्या. दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे सारी पीडा घेऊन वेशीबाहेर जाणारी पुतळी. आमच्याकडे त्या सकाळी घराघरांतून पळसाच्या फांद्या काढतात, आणि घरातली सगळी पीडा मारबतीबरोबर घालवून द्यायची म्हणून ओरडत ओरडत वेशीबाहेर टाकून येतात. गल्लीतले पुरुष फांद्या घेऊन निघाले. "खासी खोकला घेऊन जा गे मारबत! ढेकून मोंगसे घेऊन जा गे मारबत!" दरसालचीच आरोळी. आमच्या दारासमोर घोळका मुद्दाम थांबला, आणि बाबूने नवी आरोळी दिली, "कोंबड्या घेऊन जा गे मारबत!" गल्ली हसली. सगळ्यांनी ती उचलली. माय चुलीपाशी भाकर थापत होती, मी तिच्याशेजारी होते. तिने मान वर केली नाही. ढेकणांच्या आणि खोकल्याच्या ओळीत आपल्या कोंबड्या बसवलेल्या तिने भाकर थापत ऐकल्या.

आणि मग त्या आवाजांत एक आवाज आमचा आला. बाबांचा. मागावर गुणगुणणारा, कोणाला मोठ्याने हाक न मारणारा तो आवाज इतरांपेक्षाही उंच चढला होता. "कोंबड्या घेऊन जा गे मारबत!" मायचा हात भाकरीवर थांबला. मला घोळक्याची किळस नेहमीच वाटायची, त्या क्षणी बाबांची वाटली. ती भाकर करपली आणि तिने ती करपू दिली.

माय उठली, डालग्यात एकेक कोंबडी भरली, वर फडकं बांधलं आणि सगळ्या उमरेडच्या बसने भावाकडे नेऊन सोडल्या. कोंबडा तेवढा हाती लागला नाही, तो छपराच्या कवेलूंवर चढून बसला. त्याला कोणी उतरवला हे कोणी सांगितलं नाही. संध्याकाळी माय परत आली, आणि थोड्याच वेळात बाबूच्या घरून वाटी आली, रस्सा, वर लाल तर्री. "आज पोळ्याची कर, तिखटाचा दिवस हाय, म्हटलं तुमालेही देवा," असं बाबूची बायको म्हणाली, आणि तिला लाजबीज काही वाटली नाही. मायने वाटी घेतली आणि भरलेली तशीच मधल्या भिंतीवर ठेवून दिली. सकाळी कावळ्यांनी ती संपवली.

पाऊस उघडला. आमच्या पांजणीला सगळी गल्ली लोटली. काय तो लोकांचा उमाळा! म्हाताऱ्याने स्वतः कुंचा धरला. बाबू कामाला हात लावणार नव्हताच, पण ओट्यावर उभा राहून "आता कशी गल्ली मोकळी वाटते" असं दोनदा म्हणाला. ताणा सुरेख झाला. बाबांनी तो मागावर चढवला, मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले, आणि कांडीसाठी हात मागे केला. हातात काही आलं नाही.

चरखा भिंतीला टेकवून ठेवलेला होता. माय तांदूळ निवडत होती.

"कांड्या?" बाबांनी विचारलं.

"गल्लीले मांगा," माय म्हणाली. "तुमाले गल्लीचे हात पाह्यजे होते. भेटले ना?"

बाबांना वाटलं, दुपारपर्यंत राग उतरेल. तो उतरला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मग बाबा खरंच गल्लीत गेले. म्हाताऱ्याच्या सुनेला तिच्याच कांड्या उरकत नव्हत्या. बाबू हसला, "आमच्या घरात आता सुताले कोनी हात लावत नाही." बाबांनी स्वतः भरून पाहिल्या, त्या ढिल्या झाल्या आणि धोट्यात गुंता करून बसल्या. मला कांड्या भरता येत होत्या. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मायनेही पाहिलं, आणि मी शाळेचं दप्तर उचललं. मी कोणाच्या बाजूची आहे हे कोणाला विचारावं लागलं नाही.

माग तसाच उभा राहिला. गल्लीतल्या बाया मायला शहाणपण शिकवायला येऊन गेल्या. नवऱ्याच्या पोटावर पाय देऊ नोको वं, चार कोंबड्यांसाठी एवढं काहून? यातल्या एकीनेही मारबतीच्या सकाळी आपल्या नवऱ्याचं तोंड धरलं नव्हतं. माय त्यांना पाणी द्यायची आणि तांदूळ निवडायची.

मग एका संध्याकाळी म्हातारा दारात आला. चेहऱ्यावर जुना मान, आवाजात नवा मध. "उद्या माही पांजनी हाय गा. पहाटे येजो." बाबा त्याच्याकडे पाहत राहिले. मायने महिनाभरापूर्वी विचारलेला प्रश्न त्यांना तेव्हा कुठे ऐकू आला असावा. म्हाताऱ्याला त्यांचे हात लागतच होते. कोंबड्या होत्या तेव्हाही लागत होते, पुढेही लागणार होते. एवढ्या पोकळ धमकीला आपण भ्यालो, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसलं.

"उद्या नाही जमत," बाबा म्हणाले. "उद्या उमरेडले जातो. कोंबड्या आनतो, मंग पाहू." म्हातारा तसाच परत गेला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी बाबा डोक्यावर डालगं घेऊन गल्लीत शिरले. आतून कुरकुर ऐकू येत होती. एकेका ओट्यावर माणसं उभी राहिली. मला वाटलं, माय धावत पुढे होईल. ती दारात उभी राहिली, पण वाट सोडली नाही.

"तिथंच सोडा," ती म्हणाली.

"गल्लीत?"

"हो. आन् बलावा त्याइले घरात."

बाबांनी फडकं सोडलं. कोंबड्या बाहेर पडल्या आणि गोंधळून तिथेच उभ्या राहिल्या. बाबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि तोंडातल्या तोंडात हाक मारली, "ती ती ती."

"ऐकू नाही आलं," माय म्हणाली. "त्या दिवशी मले चुलीपाशी ऐकू आलं होतं."

बाबांनी मान वर केली. बाबूच्या ओट्याकडे पाहिलं, म्हाताऱ्याच्या ओट्याकडे पाहिलं, आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "तीऽ तीऽ तीऽ! या घरी!" माय दारातून बाजूला झाली. कोंबड्या आत गेल्या, त्यांच्यामागे बाबा गेले, मग माय, आणि थोड्या वेळाने आतून चरखा फिरायला लागला.