पंचनामेवाले

२००१च्या ऑक्टोबरमध्ये एका शनिवारी माझा नवरा संदीप तळ्यावर गेला आणि बुडाला. तीन आठवड्यांपूर्वी त्याची नोकरी गेली होती.

तळं अमेरिकेत आम्ही राहायचो त्या बेलव्ह्यूपासून दोन तासांवर, डोंगरापलीकडच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात. तिथल्या कॉरोनरने, म्हणजे मृत्यूचं कारण ठरवणाऱ्या अधिकाऱ्याने, आम्हाला बोलावलं. माझ्या सासूबाई, मी त्यांना आई म्हणते, तेव्हा नागपूरहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्या गृहस्थांना त्या पहिल्या भेटीपासून पंचनामेवाले म्हणू लागल्या.

पंचनामेवाले फार सावकाश माणूस. प्रश्न विचारला की पेन खाली ठेवत आणि उत्तर पुरतं संपल्याशिवाय उचलत नसत.

दुपारी सँडविच खाता खाता ते जुनी रजिस्टरं वाचत. आपल्या कचेरीचा इतिहास लिहायला घेतला होता त्यांनी. पहिला कॉरोनर सुतार होता, शवपेट्याही तोच बनवायचा. "त्याचे निकाल झटपट लागायचे," ते म्हणाले. "पेटी खपवायची असायची ना." मग पान उलटत, "आधीच्यांच्या चुका वाचून ठेवतो. निदान मी नव्या करीन."

एक पान त्यांनी मला दाखवलं. लाकडाच्या गिरणीतला एक मजूर, नाव नाही. बूट काठावर सापडले. बुडून मृत्यू. आत्महत्या. "शाई होती, वेळ नव्हता," ते म्हणाले.

संदीपचेही बूट काठावरच सापडले होते. शेजारी शेजारी ठेवलेले, आत मोजे, पाकीट, चष्मा. पोलिसांचं म्हणणं, जीव द्यायला निघालेली माणसं अशी आवराआवर करतात. पंचनामेवाल्यांनी कारणाचा रकाना कोरा ठेवला होता. आई आणि मी एका घरात राहून एकमेकींकडे बघत नव्हतो. त्याने जीव दिला असेल, तर तो कोणामुळे, हा पुढचा प्रश्न आम्हा दोघींनाही दिसत होता.

दुसऱ्या भेटीत त्यांनी विचारलं, "त्याची पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली होती. का असेल?"

मी प्रश्न आईंना मराठीत सांगितला. आई एकदम म्हणाल्या, "का म्हणजे? पाण्यात पाय घालायला! विचार त्यांना, यांच्याकडे बूट घालून नमस्कार करतात का?"

मग आईंनीच उभं राहून दाखवलं. वहाणा काढायच्या, दोन पावलं पाण्यात जायचं, वाकून ओंजळ भरायची, डोक्याला लावायची. नदी असो, तळं असो. संदीपला त्यांनीच लहानपणी शिकवलं होतं. दाखवता दाखवता त्या खालीच बसल्या.

पंचनामेवाल्यांनी पेन उचललं नाही. त्यांनी आईंना पाणी आणून दिलं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः पँट दुमडून तळ्यात उतरले. तिसऱ्या पावलाला शेवाळलेला खडक होता आणि त्यापुढे एकदम खोल. फोनवर म्हणाले, "भिजू नये म्हणून पँट दुमडणारा माणूस परत यायचं ठरवूनच उतरतो. मी अपघात लिहितोय."

तेव्हा मी त्यांना सांगितलं, की त्या सकाळी मीच त्याला म्हणाले होते, घरात बसून काय होणार आहे, जाऊन ये कुठेतरी.

मग ते म्हणाले, "बायका नवऱ्यांना रोज बाहेर पाठवतात. आईंना सांगा हे. मला सांगून उपयोग नाही."

मी सांगितलं. आई म्हणाल्या, "मीही तेच म्हणणार होते त्याला. तू आधी म्हणालीस एवढंच."

तिथे कॉरोनर मतांनी निवडला जातो; पाच वर्षांनी पंचनामेवाले निवडणुकीत हरले. कामं लवकर उरकण्याचं आश्वासन देणारा निवडून आला. त्यांनी मला इतिहासाची प्रत पाठवली, स्टेपल केलेली साठेक पानं. गिरणीतल्या मजुराच्या नोंदीखाली त्यांनी लिहिलं होतं, "त्याची पँट कशी होती, कोणी पाहिलं नाही. हा निकाल मी मानत नाही." यंदा, २००८मध्ये, ते गेले.

आई आता नागपुरात असतात. दर रविवारी मी त्यांना फोन करते. आम्ही संदीपबद्दल बोलतो.