दिवाणखान्यातलं चौकोनी भोक

काकूंचा फोन आला तेव्हा मी लंडनमधल्या हॅरोच्या घरी मोर्चाच्या पत्रकांच्या घड्या घालत बसले होते. "श्रीधरकाका गेले गं," त्या म्हणाल्या, आणि जरा थांबून, "तुझी आठवण काढायचे." एवढं त्यांनी म्हणायला नको होतं...

श्रीधरकाका बाबांचे मित्र. आयुष्यभर इंजिनिअर होते. निवृत्तीनंतर स्कॉटलंडला राहायला गेले आणि दर शनिवारी तिथल्या एका टॉवर हाउसमध्ये, हौसेनं, लोकांना माहिती सांगू लागले. टॉवर हाउस म्हणजे जमीनदाराचं उभं दगडी घर. तळाला कमानदार छताचं कोठार, त्यावर दिवाणखाना, त्याच्याही वर झोपायच्या खोल्या, आणि साऱ्यांना जोडणारा एकच अरुंद गोल जिना. भिंती इतक्या जाड की खिडकीत दोन माणसं समोरासमोर बसतील. "कोपऱ्यांवरचे ते बुरूज बघ," काका म्हणायचे, "लढायला कमी, शेजाऱ्याला जळवायला जास्त."

मी पहिल्यांदा गेले तेव्हा वीस वर्षांची होते. दिवाणखान्याच्या फरशीत एक चौकोनी भोक दिसलं.

"इथून कुळांना खाली कोंडत असणार," मी म्हटलं.

"अगं, कोठारातून सामान वर ओढायचे. कड चाचपून बघ, दोरीनं झिजलीय. तुझ्याकडे काय पुरावा?"

"जमीनदार होते, तेवढा पुरे नाही?"

ते हसले. "त्यांची खरी पापं कागदोपत्री आहेत, ती वाच की. वर तू रचलेली कशाला?"

मी वाकले नाही. घरी येऊन आमच्या जमीनदारीविरोधी मोर्चासाठी पत्रक लिहिलं: याच भोकातून उपाशी कुळांना अंधारात सोडत. खाली छापलं, 'माहिती: येथील मार्गदर्शक', आणि काकांचं पूर्ण नाव. त्यानं मजकुराला वजन येईल असं वाटलं. पुढच्या ओपन डेला मी ते टॉवरच्या दारातच वाटलं. आठवड्याभरात व्यवस्थापकांनी काकांना येऊ नका म्हणून कळवलं. फोनवर ते एवढंच म्हणाले, "शनिवार मोकळे झाले बघ." मी माफी मागितली नाही. एवढ्या मोठ्या लढ्यात एका माणसाचे शनिवार ते काय, असं तेव्हा मला खरंच वाटत होतं. त्यानंतर काका चार वर्षं होते. दर ख्रिसमसला विचारायचे, येतेस का. मी गेले नाही.

गेल्या शनिवारी गेले. आता व्यवस्थापक बदलले होते, नवी गाईड कॉलेजातली मुलगी होती. भोकापाशी थांबून म्हणाली, "इथून उपाशी कुळांना अंधारात सोडत." माझंच वाक्य. लोक वाकून बघत होते, एका बाईनं मुलाला मागे ओढलं.

"याला पुरावा काय?" मी विचारलं.

"आमच्याच एका जुन्या गाईडनं सांगितलंय," ती म्हणाली. "फाइलमधल्या पत्रकावर नाव आहे त्यांचं."

"त्यांनी नाही सांगितलं. ते मी लिहिलं होतं, आणि ते खोटं आहे."

मी गुडघ्यांवर बसले, भोकात हात घातला. आतल्या कडेला दगडात एक खाच होती, बोटभर रुंद, गुळगुळीत. मी सरकून त्या मुलीला जागा करून दिली.

"इथं," मी म्हटलं, "कड चाचपून बघ."