चार बोटांची खूण

लोखंड कापल्याचा वास आला की मला मिरकरवाड्याच्या बंदराजवळचं ते गॅरेज आठवतं. ऐंशी-पंच्याऐंशीचा सुमार असेल. आमच्या ह्यांनी मुंबईहून जुनी, दोन सीटची स्पोर्ट्स कार आणली होती आणि मीही तिच्यावरच गाडी चालवायला शिकत होते. गिअर झटपट पडावेत म्हणून गिअरचा दांडा आखूड करायचं ह्यांनी परस्पर ठरवलं. लाँचची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या मेस्त्रींनी दांड्यावर चार बोटं खाली खडूने खूण केली. "पण जोर जास्त लागेल हां," ते म्हणाले. "माझ्या हाताला काय धाड भरलीय?" हे म्हणाले. करवत दांड्याला टेकली. "थांबा," म्हणत मी आत बसले, खुणेच्या खाली दांडा धरला आणि क्लच दाबला. सेकंड काही पडेना. मनगट ठणकायला लागलं. "तुला कुठे रोज चालवायचीय?" हे म्हणाले. मी उतरलेच नाही. मेस्त्रींनी करवत खाली ठेवली. "आधी घरात ठरवा, साहेब." हे रागाने चालत निघाले. मी पहिल्यांदाच एकटीने गाडी काढली, चढावर सेकंड टाकून ह्यांना गाठलं आणि दार उघडलं. हे शेजारी बसले. आता मी मुलीची गाडी चालवते, तिला गिअर टाकावेच लागत नाहीत, तरी चढ आला की शेजारी बसलेले हे हळूच म्हणतात, "सेकंड टाक गो."